सतराव्या वर्षी स्ट्रायकरची सेंटर-बॅक झाले, आता पुढे काय?

इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू सतरा वर्षांची आहेस, लहानपणापासून स्ट्रायकर खेळत आलीस आणि या मोसमात नव्या प्रशिक्षकांनी तुला सेंटर-बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी, उभं केलंय. उंची १६३ सेंटिमीटर. गोल थांबले की नाव थांबेल, आणि नाव थांबलं की व्यावसायिक फुटबॉलचं दार बंद होईल, अशी तुझी धास्ती आहे. घरच्यांचा प्रश्न वेगळा आहे: यात पैसे किती, आणि किती वर्षं?

मी बरीच वर्षं व्यावसायिक संघांतून सेंटर-बॅक खेळले. आता महिला संघाच्या बचावफळीला शिकवते, आणि क्लबला नवी खेळाडू घ्यायची असते तेव्हा तिचे सामने बसून पाहायचं कामही माझ्याकडे येतं. करारासाठी धडपडणं आणि करार कुणाला द्यावा हे ठरवणं, दोन्ही मी केलंय.

बचावपटू म्हणून कारकीर्द होते, त्याबद्दल शंका नको. तुझी खरी अडचण मला वेगळी दिसते. स्ट्रायकरचं काम गुणफलक सांगतो. बचावपटूने धोका आधीच ओळखून दोन पावलं डावीकडे टाकली, म्हणून समोरच्या मिडफिल्डरने तो पासच दिला नाही, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. मग नोंदच न होणाऱ्या कामावर तुला कुणी करार का द्यावा? पुढचं जवळजवळ सगळं उत्तर या एका प्रश्नाचं आहे.

आधी जागा बदलण्याबद्दल. तुझ्यासारखा बदल झालेल्या खेळाडू थोड्या नाहीत. अमेरिकेची क्रिस्टी रॅम्पोन कॉलेजात भरपूर गोल करायची. राष्ट्रीय संघात ती बचावात गेली, ३११ आंतरराष्ट्रीय सामने खेळली आणि २०१५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मैदानात उतरली तेव्हा तिने चाळिशी गाठली होती. ब्रँडी चॅस्टेन १९९१च्या विश्वचषकात आघाडीला होती आणि १९९९चा विश्वचषक बचावफळीतून खेळली. क्रिस्टल डनचं उदाहरण तुला जास्त जवळचं वाटेल. २०१५मध्ये ती अमेरिकन लीगची सर्वाधिक गोल करणारी आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि २०१९चा विश्वचषक तिने लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या कडेची बचावपटू म्हणून जिंकला. आपली आवडती जागा सोडून राष्ट्रीय संघासाठी बचावात खेळणं मनाला जड गेलं, हे तिने उघडपणे सांगितलंय. तुलाही वाईट वाटत असेल तर ते खरं आहे, ते दाबून टाकू नकोस. पण वाईट वाटणं आणि कारकीर्द संपणं या दोन गोष्टी एक समजू नकोस.

कौतुक आणि मागणी यांतला फरकही समजून घे. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बॅलन डी'ओर पुरस्कार महिलांना २०१८पासून दिला जातो आणि २०२५पर्यंत तो एकाही बचावपटूला मिळालेला नाही. तुझी धास्ती तेवढ्यापुरती बरोबर आहे. पण इंग्लंडची राइट-बॅक लूसी ब्राँझ २०१९मध्ये युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, आणि २०२०मध्ये फिफाची सर्वोत्तम खेळाडू ठरली. आणि महिला फुटबॉलमध्ये जिच्यासाठी पहिल्यांदा दहा लाख डॉलरहून जास्त ट्रान्सफर फी मोजली गेली ती नेओमी गिर्मा सेंटर-बॅक आहे. जानेवारी २०२५मध्ये ती सॅन दिएगो वेव्हमधून चेल्सीत गेली. पदरचे पैसे मोजणारे क्लब फक्त गोल मोजत नाहीत, हे मी आतून पाहिलंय.

मग आम्ही बघतो काय? मी व्हिडिओ लावते तेव्हा टॅकल सगळ्यात शेवटी बघते. सतत घसरून टॅकल कराव्या लागणारी मुलगी बहुतेक वेळा आधीच चुकीच्या जागी उभी असते. मी पहिल्यांदा बघते तिची मान. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना ती खांद्यावरून मागे बघते का? तिला रोखायच्या असलेल्या स्ट्रायकरचा आणि मागच्या मोकळ्या जागेचा अंदाज दर काही सेकंदांनी घेते का? त्यानंतर तिचं अंग कसं वळलेलं आहे. चेंडूकडे छाती करून सरळ उभी राहणारी बचावपटू पाठीमागे चेंडू पडला की आधी वळते आणि मग धावते. थोडी तिरकी, गुडघे सैल ठेवून उभी राहणारी लगेच धावते. पन्नास मीटरच्या शर्यतीत हरणारी खेळाडूही या एका सवयीवर मैदानात जिंकते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो: पुढे कधी यायचं आणि मागे कधी सरकायचं. माझा नियम साधा आहे. चेंडू जिच्या पायाशी आहे तिच्यावर दबाव आहे का ते बघ. तिची मान खाली आहे, आपली मिडफिल्डर अंगावर आहे, तिची पाठ आपल्या गोलकडे आहे, अशा वेळी अख्खी फळी पुढे. ती मोकळी आहे आणि मान वर करून बघते आहे, तेव्हा लांब पास येणारच असं धरून मागे सरक. पुढच्या वेळी सामना बघताना चेंडूकडे न बघता फक्त चार बचावपटूंकडे बघ आणि प्रत्येक क्षणी स्वतःला विचार, पुढे की मागे? अर्ध्या तासात डोकं थकेल. सेंटर-बॅकचं काम तेच आहे, नव्वद मिनिटं.

चौथं म्हणजे चेंडू मिळाल्यावर तू काय करतेस. आजकाल हल्ला बहुतेक संघांत मागूनच सुरू होतो. दडपणाखाली दोन्ही पायांनी मिडफिल्डमध्ये नेमका पास देणारी सेंटर-बॅक दुर्मीळ असते. तू डावखुरी असशील तर आणखी बरं, कारण डाव्या पायाच्या बचावपटू सगळ्याच संघांना हव्या असतात आणि कमी मिळतात. आणि शेवटची गोष्ट, जी मी मुद्दाम शोधते: तिच्या चुकीमुळे गोल झाल्यावरची पाच-सात मिनिटं. आवाज बंद होतो का? चेंडू मागायचं टाळते का? गोल खाल्ल्यानंतर जी पुढचा पास तितक्याच शांतपणे देते, तिचं नाव मी वहीत लिहून ठेवते.

यातल्या काही गोष्टींत तू इतर बचावपटूंच्या पुढे आहेस. बचावपटूने चेंडूकडे बघितलं की त्याच क्षणी तिच्या पाठीमागून निसटायचं, आधी चेंडूकडे एक पाऊल टाकून मग उलट पळायचं, हे तू वर्षानुवर्षं केलंयस. आता ते डाव तुझ्यावर टाकले जातील आणि तुला ते आधी कळतील. तुझ्याकडे नसेल तो धीर. स्ट्रायकरच्या आठ संधी वाया जाऊन नववी लागली तरी दिवस तिचा असतो. आपल्या कामात हिशेब उलटा आहे. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत चेंडू हिसकावण्यापेक्षा समोरच्या मुलीला थोपवून धरायला शीक. तिच्यापासून दीड-दोन मीटरवर राहा, तिला तिच्या कमजोर पायाकडे ढकल, मागून मदत पोहोचेपर्यंत वेळ काढ. उलटं पळणं, पळता पळता कूस बदलणं आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू लांब काढणं यांचा सराव रोज थोडा थोडा कर.

आता उंची. इथे खोटा दिलासा देणार नाही. ल्योंची वेंडी रेनार १८७ सेंटिमीटर आहे, आणि सगळ्या सेंटर-बॅक तिच्याएवढ्या नसल्या तरी वरच्या पातळीवर १६३ला कायमची सेंटर-बॅक होणं कठीण आहे. कॉर्नर आणि क्रॉसवर समोरचा संघ मुद्दाम तुला शोधेल. अशक्य म्हणणार नाही, कारण ते प्रशिक्षकाच्या पद्धतीवर, बाजूच्या जोडीदारावर आणि तुझ्या वेगावर अवलंबून आहे. उंच, ताकदवान जोडीदाराशेजारी चपळ आणि डोक्याने खेळणारी सेंटर-बॅक चालते. तीन जणींच्या फळीत कडेची जागाही मिळू शकते. पण माझा अंदाज विचारशील तर तुझी कायमची जागा फुलबॅकची, म्हणजे बचावफळीच्या डाव्या किंवा उजव्या कडेची असेल. डनसुद्धा १६० सेंटिमीटरच्या आतबाहेर आहे. पूर्वी स्ट्रायकर असलेली फुलबॅक पुढे गेल्यावर क्रॉस कुठे हवा असतो हे जाणून असते, आणि ते कसब विकत घ्यायला क्लब तयार असतात.

तरीही एक-दोन मोसम सेंटर-बॅक खेळच. तिथून अख्खं मैदान समोर दिसतं. तिथे शिकलेली फळी सांभाळण्याची शिस्त फुलबॅकला जन्मभर पुरते. उलटा प्रवास मी फार कमी खेळाडूंना जमलेला पाहिलाय.

हेडरबद्दल एकच सांगते. उंच उडी घेण्याआधीच अर्धी लढाई झालेली असते: चेंडू कुठे पडणार ते आधी ओळखणं, समोरचीच्या अंगाला अंग लावून जागा धरणं आणि तिच्याआधी हवेत जाणं. हे तंत्र हलक्या चेंडूवर, हाताने टाकलेल्या चेंडूवर शिकता येतं. लांबून आलेल्या जोरदार चेंडूंवर शेकडो हेडर मारायची गरज नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२१मध्ये जोरदार हेडरसाठी सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहाची मर्यादा सुचवली. प्रौढ व्यावसायिकांना ही मर्यादा आहे, तर तू त्याच्या आतच राहा. डोक्याला मार लागून गरगरलं, धूसर दिसलं, तर त्याच क्षणी बाहेर ये. त्यात भित्रेपणा काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते, काम दिसायचं कसं. माझ्या मते याचं सगळ्यात मोठं उत्तर आहे मिनिटं. सामन्यात प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं.

बदली खेळाडू म्हणून बसण्याची किंमत सगळ्या जागांना सारखी नसते. राखीव विंगर जवळजवळ प्रत्येक सामन्यात शेवटची वीस मिनिटं मैदानात येते. दमलेल्या बचावाविरुद्ध एखादा गोल करते आणि लोकांना आठवते. राखीव सेंटर-बॅकला हे मिळत नाही. चालू सामन्यात बचावफळीला हात लावायला प्रशिक्षक धजावत नाहीत, त्यामुळे दुखापत किंवा लाल कार्ड याशिवाय तिची पाळीच येत नाही. मोठ्या क्लबच्या बाकावर तिचा अख्खा मोसम निघून जाऊ शकतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचा व्हिडिओ मागितला तर दाखवायला काहीच नसतं. पुढे कधी यायचं आणि मागे कधी सरकायचं हा अंदाजही सरावात पूर्ण घडत नाही. तो चुरशीच्या सामन्यांत, थकलेल्या पायांनी चुका करूनच येतो. म्हणून बावीस-तेवीस वयापर्यंत मी प्रत्येक बचावपटूला एकच सांगते: क्लबच्या नावापेक्षा खेळायला मिळेल ती जागा बघ. खालच्या डिव्हिजनमध्ये मोसमभर सुरुवातीपासून खेळलेली मुलगी माझ्या यादीत मोठ्या क्लबच्या राखीव मुलीच्या वर असते.

याला अपवाद आहेत. मोठ्या क्लबचा दुसरा संघ नियमित लीगमध्ये खेळत असेल, किंवा ते तुला एका मोसमासाठी दुसऱ्या संघाकडे लोनवर पाठवायचं लेखी देत असतील, तर गोष्ट वेगळी. वैद्यकीय सोयी आणि सराव मैदान यांतला फरक फार मोठा असेल तर तोही मोजायला हवा. पण 'बघू, संधी मिळेल' या तोंडी आश्वासनावर बाकावर बसू नकोस.

दुसरं उत्तर व्हिडिओ. मुली मला तीन मिनिटांची फीत पाठवतात, त्यात टॅकलमागून टॅकल आणि मागे दणदणीत संगीत. त्यावरून मला फारसं काही कळत नाही. तू अशी पाठव: तीन-चार मिनिटांची निवडक दृश्यं, प्रत्येकाच्या सुरुवातीला तुझ्याभोवती गोल काढलेला, आणि प्रत्येक दृश्य चेंडू तुझ्याकडे येण्याच्या पाच-सहा सेकंद आधीपासून सुरू होणारं. तू आधी कुठे बघत होतीस आणि कशी सरकलीस हे मला त्या सेकंदांत दिसतं. दोन्ही पायांचे पास घाल. त्याच्यासोबत दोन पूर्ण सामने जोड, एक हरलेला आणि तगड्या संघाविरुद्धचा. कॅमेरा उंचावर ठेव आणि अख्खी फळी दिसेल इतका दूर. हरलेला सामना पाठवायला मुली कचरतात, पण माझा विश्वास त्यानेच बसतो.

इथवरचं दोन वाक्यांत: बचावपटूचं काम गुणफलकावर येत नाही, म्हणून ते जाणकारांच्या डोळ्यांसमोर जास्तीत जास्त मिनिटं येईल अशी सोय तुला स्वतः करावी लागते. आणि त्यासाठी शरीर मैदानात हजर असायला हवं.

शरीरात मी गुडघ्याला पहिला मान देते. गुडघ्याच्या पुढच्या क्रूशिएट लिगामेंटची, म्हणजे एसीएलची दुखापत महिला खेळाडूंना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. धावत जाऊन चेंडूवालीला दाबायचं, एकदम थांबायचं, दिशा बदलायची, यात तो गुडघा आत कोसळतो. बचावपटू हेच प्रत्येक सामन्यात असंख्य वेळा करते. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन याच दुखापतीमुळे २०२३च्या विश्वचषकाला मुकली, आणि परत येऊन २०२५चा युरो, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद, तिने कर्णधार म्हणून जिंकला. म्हणजे परतता येतं, पण जवळपास वर्ष जातं. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामन्यात उतरलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून क्लबने कितीही घाई केली तरी ती हद्द मोडू देऊ नकोस.

टाळण्यासाठी फिफा ११+ नावाचा वॉर्मअप आहे. तीन भाग, पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं. मैदान आणि चेंडू सोडून काही लागत नाही. तो नेमाने केलेल्या संघांत दुखापती लक्षणीय कमी झाल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलंय. अट एकच, नेमाने. मोसमाच्या सुरुवातीला दोन आठवडे करून सोडलेल्या वॉर्मअपचा उपयोग नाही. संघ करत नसेल तर तू वीस मिनिटं आधी येऊन कर. मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उडीनंतर गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणं, या दोन गोष्टी कुणाकडून तरी तपासून घे.

आणि पोटभर खा. वजन कमी करायच्या नादात कमी खाणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते. खर्चापुरती ऊर्जा पोटात गेली नाही की आधी पाळी चुकते आणि मग हाडं कमकुवत होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जा, 'सराव जास्त झाला' म्हणून सोडून देऊ नकोस. लूसी ब्राँझ २०२५चा अख्खा युरो नडगीच्या हाडाला फ्रॅक्चर असताना खेळली, हे तिने अंतिम सामन्यानंतर सांगितलं. तिचं धैर्य मोठं आहे. पण ती तेहेतीस वर्षांची, सगळं जिंकलेली आणि सोबत वैद्यकीय पथक असलेली खेळाडू होती. सतरा वर्षांच्या मुलीने तो कित्ता गिरवायचा नाही.

घरच्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. पैशांची तफावत प्रचंड आहे. फिफाच्या २०२५च्या अहवालानुसार जगभरच्या महिला क्लब खेळाडूंचा सरासरी वार्षिक पगार सुमारे १०,९०० डॉलर निघतो, आणि वरच्या मोजक्या क्लबांमुळे ही सरासरीसुद्धा फुगलेली आहे. दुसऱ्या बाजूला अमेरिकन लीगमध्ये २०२५चा किमान पगार ४८,५०० डॉलर होता आणि तिथल्या खेळाडूंच्या सामूहिक करारानुसार तो २०३०पर्यंत ८२,५०० डॉलरवर जायचा आहे. म्हणून 'पोट भरतं का' याचं उत्तर कुठल्या लीगमध्ये यावर अवलंबून आहे. अनेक जणींना खेळासोबत दुसरं काम करावं लागतं. शिक्षण सोडू नकोस, हे मी प्रत्येकीला सांगते. गिर्मा स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकली आणि अमेरिकेची राष्ट्रीय खेळाडूही झाली. परीक्षेच्या काळात सराव थोडा कमी झाल्याने कुणाची कारकीर्द बुडालेली मी पाहिली नाही.

करार समोर येईल तेव्हा काही नियम ठाऊक असू देत. फिफाच्या नियमांनुसार अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही, आणि मोजके अपवाद सोडले तर अठरा पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबमध्ये जाता येत नाही. त्यामुळे आत्ता कुणी परदेशी करार मिळवून देतो म्हणालं तर सावध राहा. प्रशिक्षण भरपाईचा नियम महिला फुटबॉलला लागू नाही, म्हणजे परदेशी क्लबने तुला घेतलं तर तुझ्या जुन्या क्लबला त्या नियमाखाली पैसे द्यावे लागत नाहीत. 'तिला सोडायला भरपाई लागेल' असं कुणी म्हणालं तर नियम कुठे लिहिलाय ते विचार. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. हे सगळं करार लेखी असेल तरच कामाला येतं. ट्रायलसाठी आधी पैसे मागणाऱ्या एजंटला फोनही परत करू नकोस. परवाना विचार, आणि सही करताना आई-वडील शेजारी हवेत.

कराराची मुदत कशी बघायची हेही सांगते, कारण इथे बचावपटूचं गणित वेगळं आहे. आपण उशिरा पिकतो. वेगावर खेळणारी विंगर एकोणीसला चमकते, सेंटर-बॅकची खरी समज चोवीस-पंचविसाव्या वर्षी येते आणि नीट सांभाळलं तर तिशीनंतरही टिकते. अमेरिकेची सेंटर-बॅक बेकी सॉरब्रन २०२४च्या शेवटी एकोणचाळीसाव्या वर्षी निवृत्त झाली. ती ना सर्वात उंच होती ना सर्वात वेगवान, तिचं भांडवल खेळ वाचण्याचं होतं. म्हणून अठरा-एकोणिसाव्या वर्षी लांब मुदतीच्या स्वस्त करारात अडकू नये असं माझं मत आहे. दोन मोसमांचा घे, खेळ, आणि किंमत वाढल्यावर पुन्हा बोलणी कर. तिशीजवळ उलटं, तेव्हा मुदत जास्त महत्त्वाची.

'किती वर्षं' या प्रश्नामागे घरच्यांच्या मनात लग्न-मूल असेल तर तेही मोकळेपणाने बोला. २०२१पासून फिफाच्या नियमात किमान चौदा आठवड्यांची प्रसूती रजा आहे, त्यातले किमान आठ आठवडे जन्मानंतरचे, आणि त्या काळात कराराच्या किमान दोन तृतीयांश पगार. हे नियम कागदावरच राहिले नाहीत. आइसलँडची मिडफिल्डर सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिला गरोदरपणातला थकलेला पगार फिफाच्या लवादाने क्लबकडून मिळवून दिला. आणि नियम नव्हते तेव्हाही बचावपटू परतल्या होत्या. जॉय फॉसेटने तीन मुलींना जन्म दिला, आणि १९९५, १९९९ व २००३ या तिन्ही विश्वचषकांत अमेरिकेच्या प्रत्येक सामन्याचं प्रत्येक मिनिट ती खेळली.

आता या आठवड्यात काय करायचं. प्रशिक्षकांशी भांडू नकोस आणि गप्पही बसू नकोस. सरावानंतर दहा मिनिटं मागून घे आणि तीन गोष्टी विचार: माझ्यात काय बघून मला मागे आणलंत? हा प्रयोग किती सामन्यांसाठी आहे? आणि सेंटर-बॅकबरोबर मला फुलबॅकलाही खेळवाल का? पहिल्या प्रश्नाला 'तू खेळ वाचतेस', 'तुझा आवाज पोचतो', 'दबावात चेंडू गमावत नाहीस' असं उत्तर आलं तर त्यांनी विचार केलाय, मोसमभर मनापासून खेळ. 'आमच्याकडे बचावपटू कमी आहेत' एवढंच उत्तर आलं, तर मोसम पूर्ण कर, पण पुढच्या क्लबचा शोध आत्तापासून सुरू ठेव आणि दोन्ही जागांचे व्हिडिओ जपून ठेव.

मला अजून तीन गोष्टी कळल्या तर नेमकं सांगता येईल: तू कुठल्या पायाने खेळतेस, तुमचा संघ चारच्या फळीने खेळतो की तीनच्या, आणि या मोसमात सुरुवातीपासून किती सामने खेळलीस. खाली लिही. एखादा पूर्ण सामना चित्रित केलेला असेल तर त्यातली कुठली पंधरा मिनिटं बघू तेही लिही, तुला सर्वात अवघड गेलेली निवड.